देवबागची सहल आणि पार्किंगमधली जेट स्की

डी-६०१ (सहल): नमस्कार मंडळी 🙏 सोसायटीची सहल तारकर्ली-देवबागला नक्की झाली. दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार. ३४ मोठे, ११ मुलं. राहणं-जेवण काल ठरलेल्याच दराने. वॉटर स्पोर्ट्सचे पैसे वेगळे : जेट स्की, बनाना राईड, बंपर राईड, पॅरासेलिंग. कोणाकोणाला हवंय ते इथेच कळवा.

बी-३०४: आम्ही चौघं. धाकटा १२ वर्षांचा आहे. जेट स्की त्याला चालवायला देतात का? आठवडाभर तेच चाललंय घरात.

सी-७०२: देतात वहिनी, मागे त्यांचा माणूस बसतो. आणि तोवर माझी आहेच की. ट्रॉलीवर निळं कव्हर घातलेली आहे ना पार्किंगमध्ये, तीच. पुढच्या रविवारी पानशेतला नेतोय. सगळ्या मुलांना एकेक फेरी मारून आणतो.

डी-६०१ (सहल): वा दादा! 👏

ए-४०२: वहिनी, बाराव्या वर्षी हँडल हातात देऊ नका. मागे बसून जाऊ दे हवं तर. जरा सविस्तर लिहिते, कारण माझं माहेर देवबाग. वडलांची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, पुढे भावाने पर्यटकांसाठी बोट घातली. माझं लहानपण त्या किनाऱ्यावरच गेलं.

जेट स्कीला आपल्या बोटीसारखा बाहेर पंखा नसतो. ती खालून पाणी ओढून घेते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते. त्या फेकीवरच पुढे जाते आणि वळतेही त्याच्यावरच. म्हणजे थ्रॉटल (वेग द्यायचा खटका) सोडला की हँडल कितीही फिरवा, ती सरळच जाणार. समोर अचानक बोट किंवा पोहणारा माणूस आला की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल वळवतो. स्कूटरवर तेच बरोबर असतं, इथे नेमकं त्यानेच आदळतो. काही नव्या महागड्या मॉडेलना ब्रेकसारखी सोय असते, पण किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या जुन्या यंत्रांवर ती धरून चालू नका. बारा वर्षांच्या मुलाला त्या एका सेकंदात हे सुचणार नाही. मोठ्यांनाही सुचत नाही.

बी-३०४: बाप रे. हे माहीतच नव्हतं. थँक्यू ताई.

सी-७०२: ताई, मुद्दा बरोबर आहे, मला डीलरने हे शिकवलंय. मनगटाला दोरी लावूनच चालवतो, पडलो तर इंजिन बंद.

ए-४०२: दोरी लावता हे फार चांगलं दादा, अर्धे लोक ती हँडललाच गुंडाळून ठेवतात. एक विचारू? तिची नोंदणी झाली आहे का?

सी-७०२: नाही. स्वतःच्या हौसेची आहे, धंद्याची नाही, त्यामुळे लागत नाही असं डीलर म्हणाला. गाडीला आरटीओ असतं तसं याला काही नाहीच ना?

ए-४०२: आहे. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ चा. जून २०२२ पासून लागू आहे. त्याआधी १९१७ चा जुना कायदा होता, एका राज्यात नोंदलेली बोट दुसऱ्या राज्यात न्यायची तर तिथली वेगळी मान्यता घ्यावी लागे. आता देशभर एकच नोंद चालते आणि सगळी माहिती एका मध्यवर्ती नोंदवहीत जाते. इंजिनावर चालणारं काहीही नदीत, तलावात, धरणात उतरवायचं तर आधी सर्व्हे (म्हणजे बोटीची सरकारी तपासणी), मग नोंदणी आणि विमा. बिनइंजिनाच्या होड्यांसाठीसुद्धा त्यात वेगळं प्रकरण आहे. हौसेच्या बोटीला सूट आहे असं डीलर म्हणत असेल तर ते त्याच्याकडून लेखी घ्या आणि मेरीटाईम बोर्डाकडे, म्हणजे आपल्या बंदर खात्याकडे, खात्री करा. धरणात उतरायला जलसंपदाची परवानगी लागते ती निराळी.

बी-१०१: मी जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चाळीस वर्षं सरकारी कचेऱ्या बघितल्या. नोंदणी आली की शिक्का आला, शिक्का आला की हेलपाटे आले. आणि जीव वाचतो का त्याने? नीलकमलची नोंदणी होतीच की. तरी १५ माणसं गेली. गेटवेवरून एलिफंटाला निघालेली साधी प्रवासी बोट.

ए-४०२: काका, राग कसला. हाच प्रश्न माझा भाऊ दरवर्षी सर्व्हेच्या वेळी विचारतो.

नीलकमलला १८ डिसेंबर २०२४ ला धडकली ती नौदलाची स्पीडबोट, इंजिनाची चाचणी चालू असताना. तो अपघात नीलकमलच्या कागदांनी टळला नसता, हे कबूलच. पण त्या बोटीला ८४ प्रवासी आणि ६ खलाशी एवढीच मंजुरी होती आणि आत शंभराच्या वर माणसं होती, हे कशामुळे कळलं? नोंद होती म्हणून. नोंदच नसती तर जास्त कशापेक्षा, हे कोण सांगणार होतं? आणि गेटवेवर जॅकेट सक्तीने घाला हे त्यानंतर सुरू झालं.

दुसरं बघा. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला बोट उलटली, २२ जण गेले, त्यात कितीतरी मुलं. मासेमारीची बोट होती, तीच बदलून वर मजला चढवून पर्यटकांसाठी लावलेली, आणि अंधार पडल्यावर निघालेली. मासेमारीच्या बोटीचं वजन खाली असतं, जाळं-बर्फ-मासळी सगळं तळाला. वर मजला चढवून लोक बसवले की ती डोक्याने जड होते. सगळे एका बाजूला फोटो काढायला धावले की संपलं. सर्व्हेला येणारा माणूस हेच बघतो : बोट मुळात कशासाठी बांधली आणि आता कशाला वापरतात.

बी-१०१: हं. हे पटलं.

ए-४०२: अजून एक सांगते, मग थांबते. मी कॉलेजात असतानाची गोष्ट. शेजारच्या किनाऱ्यावरची एक बोट पर्यटक घेऊन संध्याकाळी गेली ती दिवेलागणीला परत आली नाही. नंबर नाही, बोटीवर नाव नाही, चालवणारा बाहेरून आलेला मुलगा. आमच्या वाडीतली सगळी माणसं किनाऱ्यावर बॅटऱ्या घेऊन उभी. आबा एकेकाला विचारत होते, "किती माणसां होती रे?" कोण म्हणे सात, कोण म्हणे नऊ. चहाच्या टपरीवाल्याने कपांवरून आठ सांगितले. शोधायला तीन होड्या गेल्या, पण किती माणसं सापडली की थांबायचं, तेच ठाऊक नव्हतं. रात्री साडेदहाला ती बोट संगमाजवळ ओहोटीत वाळूच्या पट्ट्यावर अडकलेली सापडली, माणसं गुडघाभर पाण्यात उभी. नऊ होती. सगळी सुखरूप. आईने त्यांना भात वाढला तेव्हा तिचे हात थरथरत होते, हे मला अजून दिसतं.

मला नोंदणी हवी ती यासाठी. कुठली बोट, किती माणसं, परत आली का.

सी-१०३: ताई, अंगावर काटा आला वाचून.

एफ-२०५: उजनीत पण झालं ना मागे? आमचे नातेवाईक करमाळ्याचे.

ए-४०२: हो. २१ मे २०२४. कुगावहून कळाशीला येताना वादळात होडी उलटली, सहा गेले, एक जण पोहून काठाला लागला. ते तर सहलीला निघालेलेही नव्हते, रोजच्या वाटेने चालले होते. धरणात लाटा येत नाहीत असं आपल्याला वाटतं, पण वळवाच्या वाऱ्यात उघड्या जलाशयावर होडीला आडोसाच नसतो.

बी-१०१: मुलीला फोन केला आत्ता, ती टोरंटोजवळ असते. तिच्याकडे तिथे परीक्षा देऊन मिळालेलं कार्ड आहे, इंजिनाची बोट चालवायची तर २००९ पासून सगळ्यांनाच लागतं. जेट स्की सोळाच्या आत चालवताच येत नाही म्हणाली. दहा हॉर्सपॉवरच्या वरच्या बोटीला नंबर काढावा लागतो आणि तो पुढच्या दोन्ही बाजूंना रंगवावा लागतो. मी म्हटलं तलावात फिरायला एवढं? ती म्हणाली, बाबा, इथे तलावच समुद्राएवढे आहेत.

सचिव: चर्चा चांगली चाललीय, फक्त पार्किंगपुरतं बोलतो. सी-७०२, टाकीत पेट्रोल ठेवून ट्रॉली व्हिजिटर पार्किंगमध्ये नको. खाली मुलं सायकली चालवतात.

सी-७०२: टाकी आजच रिकामी करतो साहेब. आणि ताई, पानशेतचं रद्द. उद्या डीलरकडे जातो, हल नंबर (सांगाड्यावरचा नंबर) आणि इंजिन नंबरचे कागद घेऊन मग पुढचं विचारतो. मुलांना नेतो म्हणालो त्याचं वाईट वाटतंय. विमाही नाहीये तिचा.

ए-४०२: दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही विचारताय हेच मोठं आहे. माझ्या भावाला खरा त्रास कुणाचा असेल तर न विचारणाऱ्यांचा. तो सर्व्हेचे पैसे भरतो, विमा काढतो, बारा माणसांची बोट असेल तर तेरावा घेत नाही. शेजारी बिननंबरची बोट दोनशे रुपये कमी सांगते, अख्खी बस तिकडे वळते. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, त्यानंतर सगळ्यांचाच धंदा बसला. ज्यांचे कागद चोख होते त्यांचाही.

डी-६०१ (सहल): ताई, मी ज्याच्याशी बोललोय त्याने जॅकेटचा फोटो पाठवलाय. बघता का जरा? [फोटो]

ए-४०२: बघितला. ही घेऊ नका. डावीकडच्या दोन्हींचे बकल तुटलेत, सुतळीने बांधलंय. मधल्याच्या खांद्याशी शिवण उसवून फोम बाहेर आलाय, तो दाबला की परत फुगत नसणार. लहान मुलांचं तर एकही नाही. मुलाला मोठ्यांचं घातलं की पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खाली सरकतं. त्यांच्यासाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच हवं. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत आलं तर ते ढिलं.

आणि त्याला विचारा : बोटीचा नंबर काय, सर्व्हेचा दाखला कधीपर्यंत, किती माणसांची मंजुरी, बंदर खात्याचा वॉटर स्पोर्ट्सचा परवाना कुणाच्या नावावर. खरा धंदेवाला यातल्या कशालाही चिडत नाही, उलट कागद काढून दाखवतो.

डी-६०१ (सहल): विचारलं. परवान्याचं म्हटल्यावर म्हणाला "तिकडे आल्यावर बघू". मग मी नको म्हणून टाकलं. ॲडव्हान्स दिलेला नव्हता, बरं झालं. तुमच्या भावाचा नंबर द्याल?

ए-४०२: देते, पण घरचा म्हणून घेऊ नका. त्यालाही हेच चार प्रश्न विचारा. त्याच्याकडे जेट स्की नाही, बोटीने संगम, त्सुनामी आयलंड आणि वेळ जमली तर डॉल्फिन. ४५ जण एका बोटीत येणार नाहीत, चार फेऱ्या लागतील, तेव्हा पॅकेजमध्ये वेळ धरा. भरती-ओहोटी बघून निघायची वेळ तोच सांगेल, त्याच्याशी वाद घालू नका.

बी-३०४: आमचा रुसलाय, पण डॉल्फिन म्हटल्यावर जरा हसला.

डी-६०१ (सहल): बोललो. मंजुरीचा आकडा आणि दाखल्याची तारीख विचारायच्या आधी त्यानेच सांगितली. मुलांची जॅकेटं आधी काढून ठेवतो म्हणाला, पण वजनं मागितलीत. वय नको, वजन. अकराही मुलांची आज रात्रीपर्यंत पाठवा.

सी-१०३: मोठा २८ किलो. धाकटी १६.

बी-३०४: ४१.

एफ-२०५: आमचीला आत्ता काट्यावर उभी केलीय. २२.