झेंड्याला सलाम न करणारी मुलं: नागरिकांचं स्वातंत्र्य न्यायाधीशांनी राखायचं की निवडून दिलेल्यांनी?

नदीकाठ (धागाकर्ती)

5 नोव्हेंबर 1935. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातलं मायनर्सव्हिल हे कोळशाच्या खाणींचं गाव. बिली गोबायटस नावाच्या दहा वर्षांच्या मुलानं शाळेच्या संचालकांना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. मी झेंड्याला सलाम करत नाही, कारण देवाची आज्ञा पाळायचं वचन मी दिलं आहे; माझं देशावर प्रेम नाही असं नाही, माझं देशावर प्रेम आहे, पण देवावर त्याहून जास्त आहे. शेवटी 'आपला विद्यार्थी' म्हणून सही. दुसऱ्याच दिवशी शाळा मंडळानं त्याला आणि त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीला, लिलियनला, शाळेतून काढून टाकलं.

हे कुटुंब 'जेहोवाज विटनेसेस' या पंथाचं. देवाखेरीज कशापुढेही वंदन करायचं नाही, हा त्यांचा नियम. तेव्हाचा सलाम छातीवर हात ठेवून नव्हता. उजवा हात सरळ पुढे ताणून होता. जर्मनीत त्याच पंथाची माणसं तसाच हात वर न केल्याबद्दल छळछावण्यांत जात होती.

खालच्या दोन्ही कोर्टांत मुलं जिंकली. 3 जून 1940 रोजी सर्वोच्च न्यायालयात 8 विरुद्ध 1 अशी हरली. निकाल लिहिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. राष्ट्रीय ऐक्य हाच राष्ट्रीय सुरक्षेचा पाया आहे, ते कसं घडवायचं हे शाळा मंडळानं ठरवावं, न्यायाधीशांनी त्यात पडू नये, हा त्यांचा मुद्दा. एकटे हार्लन स्टोन विरोधात उभे राहिले.

पुढे काय झालं? मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये या पंथाचं सभागृह जमावानं जाळलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुडमध्ये एका डेप्युटी शेरिफनं त्यांच्या लोकांना बळजबरीनं एरंडेल पाजलं आणि दोराला बांधून गावातून चालवत नेलं. सर्वोच्च न्यायालयच म्हणतंय की सक्ती योग्य, मग जमावाला आणखी काय हवं होतं?

तीन वर्षांनी, 14 जून 1943 रोजी, त्याच न्यायालयानं त्याच पंथातल्या बार्नेट बहिणींच्या खटल्यात आपलाच निकाल 6 विरुद्ध 3 असा उलटवला. तोवर वेस्ट व्हर्जिनियात नियम असा झाला होता की सलाम न करणारं पोर शाळेबाहेर, आणि ते शाळेत येत नाही म्हणून आईबापांना 50 डॉलरपर्यंत दंड आणि 30 दिवसांपर्यंत कैद. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की 'बिल ऑफ राइट्स'चा, म्हणजे घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या यादीचा, हेतूच मुळी काही गोष्टी मतांच्या हेलकाव्यांतून बाहेर काढण्याचा आहे. सक्तीनं मतं एक करायला गेलं तर जी एकी मिळते ती स्मशानातली.

ऐन महायुद्धात, झेंडादिनाच्या दिवशी दिलेला हा निकाल अमेरिकी घटनेच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पान आहे, असं मला मनापासून वाटतं. माणसाच्या मनातली गोष्ट हात वर करून झालेल्या मतदानावर सोडता येत नाही. तुमचं मत काय?

कऱ्हाडचा वकील

मुलांवर अन्याय झाला, याबद्दल दुमत नाही. पण फ्रँकफर्टर यांची बाजू तुम्ही चार ओळींत आटोपलीत, ते बरोबर नाही.

हा माणूस व्हिएन्नात जन्मलेला ज्यू. कोवळ्या वयात अमेरिकेत आला तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी 'एसीएलयू' 1920 मध्ये निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. साको आणि व्हान्झेटी या दोन फाशीच्या कैद्यांसाठी त्यानं जीव तोडून लिहिलं. बार्नेटमधल्या विरोधी निकालपत्राची सुरुवातच तो अशी करतो की इतिहासात सर्वाधिक छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांपैकी मी एक आहे, स्वातंत्र्याचं मोल मला सांगावं लागत नाही. असा माणूस न्यायालयानं हात आखडता घ्यावा म्हणतो, तेव्हा का म्हणतो ते बघायला हवं.

कारण त्यानं न्यायाधीशांची 'स्वातंत्र्यं' जवळून पाहिली होती. न्यूयॉर्कनं कायदा केला की बेकरीतल्या कामगाराला दिवसाला 10 आणि आठवड्याला 60 तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. 1905 मध्ये लॉकनर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो 5 विरुद्ध 4 नं रद्द केला. कारण काय, तर मालक आणि कामगार यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला येतो! भट्टीसमोर रात्रभर कणीक मळणाऱ्याला हे स्वातंत्र्य कधी हवं होतं? वॉशिंग्टनमधल्या बायकांसाठी किमान वेतनाचा कायदा झाला, तो वाचवायला खुद्द फ्रँकफर्टर वकील म्हणून उभे राहिले आणि 1923 मध्ये हरले. पुन्हा तेच, कराराचं स्वातंत्र्य. ही रीत मोडायला 1937 उजाडलं.

आणि घटनेच्या ज्या 14व्या दुरुस्तीच्या (राज्यांनाही नागरिकांचे हक्क पाळायला लावणाऱ्या) जोरावर बार्नेटच्या मुली जिंकल्या, ती न्यायाधीशांनी दिलेली नाही. ती 1868 ची, यादवी युद्धात रक्त सांडल्यावर आलेली. त्याआधी 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात हेच न्यायालय म्हणालं होतं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. 1875 चा नागरी हक्कांचा कायदा काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, केला, न्यायालयानं 1883 मध्ये तो मोडला. 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा कोणी केला? निवडून दिलेल्यांनी, रस्त्यावर मार खाल्लेल्या लोकांच्या रेट्यामुळे.

पारिजात_एडिसन

मी वकील नाही. न्यू जर्सीत राहते, मुलगा चौथीत आहे. रोज सकाळी वर्गात झेंड्याची शपथ म्हणतात. गेल्या वर्षी पालक म्हणून मदतीला गेले होते. सगळी मुलं छातीवर हात ठेवून उभी, आणि खिडकीजवळची एक मुलगी आपल्या जागी शांत बसून वहीचा कोपरा दुमडत होती. बाई तिच्याकडे रोखून पाहत नव्हत्या की तिला टाळतही नव्हत्या. शपथ संपली, गणित सुरू झालं. घरी येताना लेकाला विचारलं तर म्हणाला, "आई, ती म्हणत नाही. तिचं तिचं आहे."

माझ्या लहानपणी शाळेत प्रार्थनेला ओठ हलत नाहीत म्हणून छडी खाल्लेली मी. त्या मुलीला छडी पडत नाही, ती 1943 च्या निकालामुळे. गावानं मत घेतलं असतं तर काय झालं असतं, याची मला खात्री नाही.

नदीकाठ

@पारिजात, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

@वकीलसाहेब, लॉकनरचा मुद्दा खोडता येत नाही, खोडायचाही नाही. पण बेकरीमालकाचा नफा आणि दहा वर्षांच्या पोराची श्रद्धा एकाच तागडीत कशी घालता? कामाचे तास हा व्यवहार आहे, त्यात देवाणघेवाण होते, उद्या कायदा बदलता येतो. झेंड्यापुढे हात कर नाहीतर शाळा सोड, यात देवाणघेवाण काय? शिवाय जेहोवाज विटनेसेस निवडणुकीत मतच देत नाहीत. ज्यांना कुठलाही पक्ष विचारणार नाही, त्यांनी लोकमत जिंकून यावं, हा सल्ला व्यवहारात 'गप्प बसा' असाच पोचतो.

संविधानवाचक

इथे एक धागा थेट आपल्याकडे येतो. 1947 च्या अखेरीस आपले घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत गेले, तेव्हा याच फ्रँकफर्टरना भेटले. अमेरिकेतलं 'ड्यू प्रोसेस'चं कलम (न्याय्य प्रक्रियेशिवाय कोणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावायचं नाही) न्यायालयाच्या हाती फार सत्ता देतं, असं फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितलं. आपल्या मसुद्यातून ते शब्द गेले आणि 21व्या कलमात 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. 1950 मध्ये ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेचा खटला याच शब्दांवर अडला. मनेका गांधी खटल्यात न्यायालयानं त्या शब्दांना न्याय्यतेची जोड दिली ती 1978 मध्ये.

'ड्यू प्रोसेस' हे शब्द परत घालावेत या दुरुस्तीवर 13 डिसेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेब बोलले ते दोघांनीही वाचावं. ते म्हणाले, पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ मूलभूत हक्क तुडवणारा कायदा करणारच नाही, असं मानता येत नाही. आणि न्यायालयात बसलेले पाच-सहा गृहस्थ स्वतःचे ग्रह बाजूला ठेवून निर्णय देतील यावरही भिस्त ठेवता येत नाही. दोन्हीकडे धोका. त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. कोलंबियात शिकून, अमेरिका आतून पाहून आलेला माणूस हे बोलत होता. पुढच्या वर्षी अटकेनंतरचे किमान हक्क त्यांनी वेगळ्या कलमात घातले, तेच आजचं 22वं.

आणि बार्नेटची नात म्हणावी असा खटला केरळचा. त्याच पंथाची तीन भावंडं. राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत, म्हणून 1985 मध्ये शाळेतून काढली. 1986 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रात मायनर्सव्हिलची आणि वेस्ट व्हर्जिनियाची, दोन्ही प्रकरणं आली आहेत.

कऱ्हाडचा वकील

बाबासाहेबांचं ते भाषण माझ्या टेबलावर असतं. माझं म्हणणं त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं आहे.

नदीकाठ ताई, बार्नेटच्या पुढच्याच आठवड्यात काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. 21 जून 1943 ला त्याच नऊ न्यायाधीशांनी, एकमतानं, जपानी वंशाच्या लोकांवरची रात्रीची संचारबंदी योग्य ठरवली. त्यांत तुमचे जॅक्सनही होते. डिसेंबर 1944 मध्ये कोरेमात्सु खटल्यात त्यांना घरादारातून उठवणंही 6 विरुद्ध 3 नं मान्य झालं. सव्वा लाखाच्या आसपास माणसं काटेरी तारांमागे गेली, त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक. श्रद्धेसाठी इतकं हळवं झालेलं न्यायालय तेव्हा कुठे होतं? त्या लोकांची माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले, ते 1988 च्या कायद्यानं. तो काँग्रेसनं केला. न्यायालयाला कोरेमात्सु चूक होता असं निकालपत्रात लिहायला 2018 उजाडलं.

नदीकाठ

हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. संचारबंदीच्या वेळी जॅक्सन गप्प राहिले, याचं मलाही वाईट वाटतं. कोरेमात्सुमध्ये मात्र ते विरोधात गेले आणि लिहून गेले की हे तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, जो कोणी निकडीचं कारण पुढे करील त्याच्या हाताशी.

पण हिशेबच मांडायचा तर छावण्यांचा हुकूम 1942 चा, अध्यक्षांच्या सहीचा, आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा ठरवणारा कायदा काँग्रेसनंच केला. माफीला 46 वर्षं लागली. झेंड्याची चूक न्यायालयानं तीन वर्षांत स्वतःच्या हातानं दुरुस्त केली. ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या न्यायाधीशांनी 1940 मध्ये मुलांविरुद्ध मत दिलं होतं. 1942 मध्येच, दुसऱ्या एका खटल्यात, त्यांनी आमचं चुकलं असं लिहून टाकलं. इतक्या उघडपणे चूक कबूल करणारी निवडून आलेली माणसं मला फारशी आठवत नाहीत.

कऱ्हाडचा वकील

ती तीन वर्षं हा अपवाद. काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळे डबे, वेगवेगळ्या शाळा, हे 1896 मध्ये प्लेसी खटल्यात योग्य ठरवलं; ते शाळांपुरतं का होईना, मोडायला 1954 चा ब्राउन निकाल यावा लागला. 58 वर्षं. तेवढ्यात तीन पिढ्या वेगळ्या दारानं शाळेत गेल्या.

ब्लॅक, डग्लस, मर्फी यांच्या कबुलीबद्दल तुमचं मान्य करतो. तिथे मी अडतो.

नदीकाठ

58 वर्षांपुढे मीही अडते.

मायनर्सव्हिलच्या त्या दोघांना तीन वर्षंही उशिराच ठरली. काढलं तेव्हा लिलियन बारा वर्षांची होती. 1943 चा निकाल आला तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावर होती. त्या निकालानं जिंकल्या त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट बहिणी. आणि दोन्ही खटल्यांत कुटुंबाचं आडनाव कोर्टाच्या कागदांत चुकलेलंच राहिलं: गोबायटसचं गोबायटिस, आणि बार्नेटच्या इंग्रजी स्पेलिंगला नसलेलं एक अक्षर शेवटी चिकटलं. आजही कायद्याच्या पुस्तकांत ती तशीच छापतात.