शब्दचर्चा : ‘ड्राफ्टिंग’ आणि ‘डर्टी एअर’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, मदत हवीये. एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगवर, म्हणजे नॅसकारवर लेख लिहितोय. आपल्याकडे एफ-वन बघणारे भरपूर आहेत, पण नॅसकार म्हटलं की ‘ते नुसते डावीकडे वळत बसतात तेच ना’ एवढ्यावर विषय संपतो आणि मला नेमका तोच समज खोडायचाय. या खेळात निम्मी लढाई हवेशी असते. ती डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शब्दांतूनच दाखवावी लागते आणि घोडं तिथंच अडलंय.

ड्राफ्टिंग म्हणजे पुढच्या गाडीच्या अगदी मागे लागून पळवायचं, तिनं हवा फोडलेली असते त्यामुळे आपल्याला अडथळा कमी लागतो आणि वेग वाढतो. डर्टी एअर म्हणजे पुढच्या गाडीच्या मागे विस्कटलेली हवा, तिच्यात शिरलं की मागच्या गाडीची पकड जाते आणि ओव्हरटेक होत नाही. म्हणजे बघा, दोन्ही शब्द एकाच हवेबद्दल आहेत, एकात मागे राहणं फायद्याचं आणि दुसऱ्यात तोट्याचं! वाचक विचारणारच की नक्की काय समजायचं. शिवाय ‘घाण हवा’ लिहिलं तर लोकांना सिग्नलवरचा धूर आठवणार. सुचवा प्लीज.

आडोसा

ड्राफ्टिंगला ‘आडोसा’ घ्या. आडोशाला राहणं, आडोसा सोडणं, आडोसा तुटणं अशी क्रियापदं आयती मिळतात. ‘वायु-अनुगमन’ वगैरे जोडशब्द बनवला तर वाचक पुढच्या परिच्छेदापर्यंत येणारच नाही.

आडोसा छान, पण अर्धाच

आडोसा म्हटलं की एकजण आड उभा आहे आणि दुसरा त्याचा फायदा घेतोय एवढंच कळतं. ड्राफ्टिंगमध्ये पुढच्यालाही फायदा असतो हो. गाडीच्या मागे कमी दाबाची एक पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे ओढत असते, दुसरी गाडी येऊन त्या पोकळीत बसली की पुढचीची ओढ कमी होते. त्यामुळे दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा वेगात जातात.

ही युक्ती जगाला कळली ती 1960 च्या डेटोना 500 मध्ये, म्हणजे फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवर होणाऱ्या नॅसकारच्या सगळ्यात मोठ्या रेसमध्ये. ज्युनियर जॉन्सनची शेवरोले पॉन्टिअ‍ॅकवाल्यांपेक्षा चांगलीच हळू होती, पण सरावात त्याच्या लक्षात आलं की पॉन्टिअ‍ॅकच्या मागे लागून राहिलं की आपली गाडी त्यांच्याच वेगानं पळते. मग रेसभर तेच केलं. शेवटी शेवटी पुढे असलेल्या बॉबी जॉन्सच्या गाडीची मागची काच हवेनं उडाली, गाडी गिरकी खाऊन गेली आणि हळू गाडीवाला जॉन्सन जिंकला.

आणि 2011 मध्ये तर याचं टोक गाठलं गेलं. डेटोना आणि टॅलाडेगा या दोन लांबलचक ट्रॅकवर जोड्या जोड्यांनी गाड्या धावायला लागल्या, मागचा अक्षरशः बंपर लावून पुढच्याला ढकलत नेणार आणि मागच्याच्या रेडिएटरला हवा मिळेना म्हणून इंजिन तापलं की जागा बदलणार. त्या एप्रिलमध्ये टॅलाडेगाला आघाडी 88 वेळा बदलली, आदल्या वर्षीच्या विक्रमाशी बरोबरी, जिमी जॉन्सन 0.002 सेकंदांनी जिंकला, तरी खूप चाहते नाराज! कारण त्याला ढकलत आणणारा होता डेल अर्नहार्ट ज्युनियर, सगळ्यांचा लाडका, त्याला जिंकताना बघायला लोक आले होते आणि तो दुसऱ्याला जिंकवत होता. पुढच्या मोसमात गाड्यांच्या कूलिंगचे नियम बदलून या जोड्या मोडल्या.

त्यामुळे माझं मत, मागच्या बाजूनं लिहिताना ‘आडोसा’ आणि दोघांचं मिळून लिहिताना ‘साखळी’. लांबलचक ओळ लागते तेव्हा ‘साखळी’ एकदम चपखल बसतो.

गढूळ नाही, ढवळलेली

डर्टी एअरबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण धागाकर्त्यानं जो प्रश्न विचारलाय तोच या खेळाचा गाभा आहे. मागे राहणं फायद्याचं की तोट्याचं हे ट्रॅकवर ठरतं.

डेटोना अडीच मैलांचा, टॅलाडेगा 2.66 मैलांचा. वळणावर रस्ता केवढा तिरका? डेटोनाला 31 अंश, टॅलाडेगाला 33. एवढा उतार असला की गाडी वळणावर आपोआप दाबली जाते, पकड मुबलक असते, ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर सोडतच नाही. तिथं वेगाला अडवणारी एकच गोष्ट उरते, समोरची हवा. ती कुणीतरी फोडून दिली की फायदाच फायदा.

आता दीड मैलाचा ट्रॅक घ्या किंवा त्याहून छोटा. तिथं वळणावर वेग कमी करावाच लागतो आणि कोण किती वेगात वळतो यावर रेस ठरते. वळायला पुढच्या टायरना पकड हवी, त्यासाठी नाकावरून आणि स्प्लिटरवरून, म्हणजे पुढच्या बंपरखालच्या आडव्या पट्टीवरून, वाहणाऱ्या हवेनं गाडीचं तोंड खाली दाबायला हवं. पण समोर गाडी असेल तर येणारी हवा मंदावलेली आणि गिरक्या घेत आलेली असते, दाब नीट पडत नाही, पुढचे टायर घसरतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ भिंतीकडे सरकायला लागते. याला ते ‘एअरो पुश’ म्हणतात आणि अशा गाडीला ‘टाइट’. उलट कुणी अगदी मागे येऊन चिकटलं तर पुढच्या गाडीच्या स्पॉयलरवरची, म्हणजे डिकीवरच्या उभ्या पट्टीवरची, हवा बिघडते आणि तिची शेपटी सुटायला लागते, ती ‘लूज’. हे दोन शब्द मराठीत तसेच राहू द्यावेत, ‘टाइट’ आणि ‘लूज’ आपण नटबोल्टपासून पँटपर्यंत रोज वापरतो.

हायवेवर मोठ्या ट्रकच्या मागे बाइक चालवली असेल त्यांना दोन्ही गोष्टी अंगानं माहीत आहेत. मागे असताना वारा लागत नाही, इंजिनला हलकं वाटतं, पण त्याच वेळी हँडल थरथरतं आणि हेल्मेट गदगदा हलतं. हलकं वाटणं म्हणजे ड्राफ्ट आणि थरथर म्हणजे डर्टी एअर.

म्हणून ‘ढवळलेली हवा’ म्हणा. ‘गढूळ’ मध्ये मळ आला, इथं मळ नाही, नुसती ढवळाढवळ आहे. आणि क्लीन एअरला, म्हणजे समोर गाडी नसताना मिळणाऱ्या हवेला, ‘स्वच्छ हवा’ नको, ते महाबळेश्वरचं वर्णन वाटेल, ‘मोकळी हवा’ म्हणा. ‘आघाडीवाल्याला मोकळी हवा मिळाली आणि तो निसटला’ हे वाक्य कुणालाही कळेल.

+१

‘ढवळलेली’ला माझं मत. हाच शब्द सगळे वापरू या.

गोफण की बेचकी?

धागाकर्ते, लेखात ‘स्लिंगशॉट’ येणारच आहे तर तेही इथंच ठरवून टाका. आडोशात बसून वेग साठवायचा आणि शेवटच्या लॅपला झटक्यात बाजूला निघून पुढे जायचं त्याला स्लिंगशॉट म्हणतात. शब्दशः पाहिलं तर अमेरिकन स्लिंगशॉट म्हणजे रबराची बेचकी, गलोल. पण मला ‘गोफण’च बरोबर वाटतं, गोफणीतला दगड गोल फिरत वेग घेतो आणि मग सुटतो, ओव्हल ट्रॅकवर होतं तेच.

1979 च्या डेटोना 500 चा शेवटचा लॅप हेच सांगतो. डॉनी अ‍ॅलिसन पुढे, केल यारबरो मागे दबा धरून. मागच्या सरळ पट्ट्यावर केलनं गोफण मारली, खालच्या बाजूनं निघाला, डॉनी त्याला अडवायला खाली आला, दोघं एकमेकांवर आदळत भिंतीत गेले आणि बराच मागे असलेला रिचर्ड पेटी जिंकला. इकडे गवतावर मारामारी सुरू, डॉनीचा भाऊ बॉबीसुद्धा त्यात उतरलेला. डेटोना 500 सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर लाइव्ह दाखवण्याची ती पहिलीच वेळ होती आणि पूर्व किनाऱ्यावर बर्फामुळे लोक घरातच अडकले होते. कितीतरी जण त्या एका दुपारी या खेळाला लागले. आडोसा नसता तर ती गोफणही नसती.

‘स्टॉक’ सांगायला विसरू नका

काही वाचकांना शेअरबाजार वाटेल. स्टॉक म्हणजे शोरूममध्ये मिळते तशी. हवेनं पहिला घाव याच शब्दावर घातला. 1969 ची डॉज चार्जर डेटोना आणि 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड बघा, पुढे टोकदार नाक आणि मागे उंच पंख, अशी गाडी घेऊन किराणा आणायला कोण जाणार? पण नियमापुरत्या गाड्या लोकांना विकाव्या लागत म्हणून कंपन्यांनी विकल्या. मार्च 1970 मध्ये बडी बेकरनं टॅलाडेगाला अशाच चार्जर डेटोनात ताशी 200 मैलांचा, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. 1971 पासून या पंखवाल्यांना इतकं छोटं इंजिन सक्तीचं केलं की त्या संपल्यातच जमा झाल्या.

आणि 1987 लिहाच. बिल एलियटनं टॅलाडेगाला ताशी 212.809 मैलांचा क्वालिफाइंग वेग काढला आणि त्याच आठवड्यातल्या रेसमध्ये बॉबी अ‍ॅलिसनची गाडी टायर फाटून हवेत उचलली जाऊन प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली, लोक जखमी झाले. उलटी फिरलेली, म्हणजे शेपूट पुढे झालेली, गाडी विमानाच्या पंखासारखी उचलली जाते हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. 1988 पासून या दोन ट्रॅकवर रेस्ट्रिक्टर प्लेट आली, कार्ब्युरेटरखाली चार भोकांची पत्री, इंजिनाला हवाच कमी द्यायची. 1994 पासून छताला झडपा बसवल्या, गाडी उलटी फिरली की त्या उघडतात आणि उचल मोडतात. प्लेटमुळे सगळ्यांचा वेग सारखा झाला आणि तीस-चाळीस गाड्यांचा घोळका जन्माला आला, एक चुकला की वीसजण ठोकले जातात, तोच तो ‘बिग वन’.

चाहत्यांचं काय ते पण लिहा

सगळे गाडीबद्दल बोलतायत, मी स्टँडमधल्या माणसाबद्दल बोलते. माझी भाची शार्लटला राहते, तिच्यामुळे मी बघायला लागले आणि आता सोडवत नाही. आम्हाला काय हवंय, तर मागून येणारा चांगला ड्रायव्हर पुढच्याला गाठून मागे टाकतोय हे बघायचंय. 2019 ला मोठ्या ट्रॅकवर पॉवर कमी करून साधारण 550 हॉर्सपॉवरवर आणली आणि मागे 8 इंची स्पॉयलर लावला, हेतू हा की गाड्या जवळजवळ राहाव्यात. जवळ राहिल्या पण पुढे जाता येईना, रीस्टार्टनंतर, म्हणजे थांबलेली शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर, दोन लॅप धुमश्चक्री आणि मग मिरवणूक. 2022 ला नेक्स्ट जेन गाडी आली, दाब जमिनीलगतच्या तळातून मिळवणारी, दीड मैलांच्या ट्रॅकवर रेस खरंच सुधारल्या. पण मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर गाडी मागे नुसती अडकून राहते, त्या एप्रिलची रात्रीची रेस बघताना माझा जीव तुटत होता, विल्यम बायरन हा ड्रायव्हर जिंकला त्याचं कौतुकच आहे पण ओव्हरटेक कुठे होते? 2023 मध्ये छोट्या ट्रॅकसाठी स्पॉयलर 2 इंचांवर आणला तरी दुखणं गेलेलं नाही. आता डेटोनालासुद्धा घोळका पेट्रोल वाचवायला अर्ध्या थ्रॉटलवर चालतो, हे मला पटत नाही.

आणि फेब्रुवारी 2024 ची अटलांटाची रेस! तिघं एका रेषेत, ड्रायव्हर डॅनियल सुआरेझ 0.003 सेकंदांनी पहिला, मी सोफ्यावर उभी राहून ओरडत होते. हवेचं गणित तेच, एका ट्रॅकवर रडवतं आणि दुसऱ्यावर नाचवतं, हे लेखात येऊ द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला परिच्छेद असा जुळवलाय, तपासा: ‘शेवटचे दोन लॅप. तो आडोशात शिरला, बंपर पुढच्याला चिकटवला, साखळी पुढे सरकली. तिसऱ्या वळणावर ढवळलेल्या हवेत नाक हलकं झालं, तरी त्यानं गोफण मारली.’ आणि साइड ड्राफ्टला काय लिहू? शेजारी येऊन दुसऱ्याच्या स्पॉयलरवर हवा ढकलायची आणि त्याचा वेग मारायचा, ते.

दोन दुरुस्त्या

‘चिकटवला’ म्हणजे बंप ड्राफ्ट, बंपर लावून ढकलणं झालं, नुसता आडोसा असेल तर ‘लगटून’ लिहा, दोन्हीत हातभराचं अंतर आहे. साइड ड्राफ्टला ‘बगलेचा वारा’ लिहून बघा, ‘त्यानं बगलेचा वारा घातला आणि पुढचा मंदावला’.