वखार की कारखाना?

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पासाठी एक उतारा मराठीत करतोय. ‘इंग्रजांनी सुरतेला फॅक्टरी काढली.’ मी ‘कारखाना’ लिहिलं, वडिलांनी खोडून ‘वखार’ केलं. आमच्या गावात वखार म्हणजे जळाऊ लाकडांची, छताला मोठी तागडी टांगलेली. सुरतेत इंग्रज लाकडं विकत होते का?

उत्तर : वडील बरोबर आहेत. 1613 मध्ये जहांगीरच्या फर्मानानंतर सुरतेत जी फॅक्टरी उभी राहिली, तिथे सुतळीचा तोडाही तयार होत नसे. फॅक्टर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा गुमास्ता, म्हणजे तिच्या वतीने खरेदी-विक्री करणारा माणूस, आणि तो जिथे राहून माल घेतो, साठवतो, ती फॅक्टरी. कापड विणकर आपापल्या घरच्या मागावर विणत, नीळ अहमदाबादजवळच्या सरखेजहून आणि आग्र्याकडच्या बयान्याहून येई. गुमास्ते दलालांमार्फत आगाऊ पैसे देऊन माल उचलत आणि गाठी रचून ठेवत. जहाजं मोसमी वाऱ्यावर चालायची. ती लागली की माल तयारच हवा, मग वखारीशिवाय गत्यंतर नाही.

त्यावर आणखी : ‘कारखाना’ तेव्हा होताच, पण सरकारचा. बादशाही कारखान्यांत कारागीर खरोखर राबत. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे सरकारी खात्यांत, तोफखाना होता तसा शरबतखानाही होता! म्हणजे कारखाना राजाचा, वखार व्यापाऱ्याची. उताऱ्यात ‘कारखाना’ टाकलात तर कंपनी थेट मुघल दरबारातलं खातं होऊन बसेल.

दुसरं मत : पटलं. फक्त वखार म्हणजे नुसतं गोदाम समजू नका. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात आदिलशाही सरदार सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून खणून काढली आणि तिथला प्रमुख हेन्री रेव्हिंग्टनला कैदेत टाकलं. हा धडा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या ग्रंथात, स्पष्ट दिसतो : टोपीकरांना (युरोपियनांना) वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी नको, आत कुठेतरी द्या, आणि पक्की इमारत बांधू देऊ नका.

प्रश्नकर्ता : ‘वखार’ ठेवतो. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक : शब्द जुना झाला म्हणू नका हं. आमच्याकडे भाव पडला की सोयाबीन वखार महामंडळात ठेवतात आणि पावतीवर कर्ज काढतात. सुरतेत जहाजाची वाट बघत, इथे भावाची.