वळवाच्या वादळात हॅमॉक कसा टिकवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नागपूरकर. रामटेकजवळ मामांचं वावर आहे, धुऱ्यावर साग आणि थोडी मोहाची झाडं. मे महिन्यात शहरात कूलरसमोरही जीव नकोसा होतो, म्हणून शनिवारी तिकडे हॅमॉक (दोन झाडांना पट्ट्यांनी टांगायची कापडी झोळी) बांधून झोपतो. खालून हवा खेळते, विंचवाची भीती नाही. भानगड वळवाच्या पावसाची. संध्याकाळी आभाळ कोरडं ठणठणीत आणि मध्यरात्री असं वावधन सुटतं की ताडपत्री पतंग होते. काळ्या मातीत खुंट्या भिजल्या की सहज उपसून येतात. शिवाय झाडाच्या पट्ट्यावरून पाणी ओघळत थेट पाठीखाली.

मामा म्हणतात, विजेच्या दिवसांत झाडाखाली झोपू नको. पण अंग जमिनीला लागतच नाही, तर धोका कसा? जाणकारांनी सांगावं.

रानभुल्या: पाण्याचं सोपं आहे. पट्ट्याला, ताडपत्रीच्या आतल्या बाजूला, सुती सुतळीचा तुकडा बांधून खाली लोंबता सोड. पाणी तिथूनच ठिबकतं, पुढे सरकत नाही. ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने पार जमिनीलगत आण. काळ्या मातीत छोटी खुंटी टिकतच नाही. हातभर लांब लाकूड आडवं पुरून त्याला दोर बांध. नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो, झोपण्याआधी ताणलास तरी पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा ताणावा लागेल. आणि बांधण्याआधी वर पाहा. वाळकी फांदी दिसली तर ते झाड सोड, मग सावली कितीही छान असो.

धुऱ्यावरचा: वरचं सगळं बरोबर, पण ते वारा-पावसापुरतं. विजेचं मामा खरं सांगून राहिले भाऊ. वीज झाडावर पडली की खोडावरून बाजूच्या माणसावर उडी मारते, त्याला जमिनीचा स्पर्श लागत नाही. तू तर दोन खोडांच्या मधोमध, ओल्या पट्ट्यांनी दोन्हींना जोडलेला! ताडपत्री किंवा तंबू याला काही करू शकत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोज, साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आलं म्हणजे दहा किलोमीटरच्या आत. फोनमध्ये 'दामिनी' ॲप ठेव, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आजूबाजूच्या विजांचा इशारा देतं.

मूळ प्रश्नकर्ता: म्हणजे मामाच जिंकले. गाडी डांबरी रस्त्यावर उभी असते, चालत पाचेक मिनिटं. तीस सेकंदांच्या आत आलं की निघू का?

धुऱ्यावरचा: तीसची वाट कशाला पाहतो? पहिला गडगडाट कानावर आला की ऊठ. अंधारात, चिखलात पाच मिनिटांची दहा होतात. गाडी पत्र्याच्या टपाची असावी, काचा वर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच बसायचं. गोठ्यात थांबू नको, चारही बाजूंनी उघडा असतो.

रानभुल्या: इशारा आधीच असेल तर त्या रात्री बांधूच नको. मामांच्या पक्क्या घरात झोप, हॅमॉक सकाळी बांध.