मदत हवी आहे: स्पोर्ट्स कायरोप्रॅक्टिकमध्ये (खेळाडूंच्या मणक्यावर, सांध्यांवर हाताने उपचार) आधी कशावर संशोधन व्हावं?

हा प्राधान्यक्रम ठरवायला डेल्फी सर्वेक्षण (एकाच गटाला फेऱ्याफेऱ्यांनी विचारून सहमती काढायची पद्धत) करतोय. पहिल्या फेरीत मोकळी उत्तरं आली, आता प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ गुण द्यायचेत. पण यादीत उपचार करणाऱ्यांचाच आवाज जास्त: मॅनिप्युलेशनने (सांध्याला हाताने दिलेल्या झटक्याने) कामगिरी सुधारते का, वगैरे. एका धावपटूने मात्र विचारलंय, "मानेला झटका दिल्यावर त्याच दिवशी पळू का?" मला तर हाच प्रश्न वर हवा. चाचण्यांत दुष्परिणामांची नोंद बऱ्याचदा अर्धवट असते, मग कामगिरीची घाई कशाला?

२००४मध्ये सुरू झालेली जेम्स लिंड अलायन्स ही ब्रिटनमधली संस्था रुग्ण आणि उपचारकांना एकत्र बसवून संशोधनाचे पहिले दहा प्रश्न निवडते. तसं करू, की खेळाडूंचे गुण वेगळे मोजू? आणि सहमतीची रेषा (किती जणांचं एकमत झालं की सहमती धरायची) ७० टक्के ठेवू की ७५? कोणी असं काम केलं असेल तर सांगा, दुसरी फेरी अडलीय.