मदत हवी आहे : ग्रामप्रिया कोंबड्यांची अंडी एकदम घटली

नमस्कार मंडळी. परसात ग्रामप्रिया या संकरित जातीच्या आठ कोंबड्या आहेत. पिल्लं दीड महिन्याची असताना आणली, साडेपाच महिन्यांच्या झाल्यावर अंडी सुरू झाली. आता वय अकरा महिने. गणपतीपर्यंत रोज सहा-सात तपकिरी अंडी मिळायची, दिवाळीनंतर तीनवर आली आणि गेल्या आठवड्यात दोनच.

सकाळी लेअरचं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) खाद्य, दुपारी मका-ज्वारीची भरड आणि दिवसभर मोकळं फिरणं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते, तरी मधूनच एखादं अंडं पातळ कवचाचं निघतं. भरड जास्त होऊन खाद्यातली प्रथिनं कमी पडत असतील का? दोघींची मानेची पिसंही गळताहेत.

दिवस लहान झाला की अंडी घटतात, चौदा-पंधरा तास उजेड लागतो, हे माहीत आहे. मग खुराड्यात पहाटे बल्ब लावावा, की पिसं झडताना त्यांना विश्रांती द्यावी? मला तर विश्रांतीच बरी वाटते, पण अंड्यांवर घरचा थोडा खर्च निघतो.

आणखी एक. संकरित कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही म्हणतात, पण आमची एक चार दिवस कडब्याच्या गंजीत ठाण मांडून आहे, हात लावला की फुगते. खाली पाच अंडी सापडली. कोंबडा नाही, म्हणजे पिल्लं निघणार नाहीत. तिला त्रास न देता उठवायचं कसं? सासूबाई पाण्यात बुडवायला सांगतात, थंडीत ते माझ्याच्यानं होत नाही.

अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.