'ग्राउंड'ला मराठीत काय म्हणायचं? (भूसंपर्कन सोडून)

पाटीपेन्सिल:
शाळेतल्या रोबोच्या गटासाठी वायरिंगची दोन पानं मराठीत करतेय. 'आर्डुइनो (रोबोचं छोटं कंट्रोलर बोर्ड) आणि मोटरची बॅटरी, दोन्हींचा ग्राउंड एकत्र जोडा' इथे अडले. पाठ्यपुस्तकात भूसंपर्कन तार आहे, म्हणून तेच लिहिलं. तर आठवीतला एक मुलगा जीएनडीची (म्हणजे ग्राउंडची) वायर घेऊन भिंतीतल्या थ्री-पिनच्या वरच्या भोकाकडे निघाला! वेळीच धरला. पोरगं शब्दाला जागलं, चूक माझी. दुसरा शब्द सुचवा.

वितळतार:
बरोबरच आहे, भूसंपर्कन म्हणजे जमिनीत पुरलेल्या पत्र्याशी नातं. तुमच्या रोबोचं जमिनीशी नातं रबरी चाकांपुरतं. 'ऋण' लिहा.

पाटीपेन्सिल:
बॅटरीला चालेल. पण सेन्सरवर, मोटर ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) जीएनडी छापलंय, तिथे ऋण कुठे शोधणार? शिवाय मुद्दा वेगळाय. आर्डुइनो ५ व्होल्टचा इशारा देतो, ते ५ मोजायचे कुठून? ड्रायव्हरचा शून्य वेगळा असेल तर मोटर थरथरते नाहीतर हलतच नाही. समुद्रसपाटी ठरल्याशिवाय कळसूबाई १६४६ मीटर म्हणून काय उपयोग?

गॅरेजकाका:
स्कूटरला आम्ही 'अर्थ'च म्हणतो. बॉडीला अर्थ मारला की काम झालं. स्कूटर कुणी जमिनीत पुरलीय का? वापरात आहे तोच शब्द खरा.

न्यूजर्सीकर:
काका, बॉडीला अर्थ मारलात तर इथे तपासणीतच अडकाल. लेकीच्या 'फर्स्ट' नावाच्या रोबोटिक्स स्पर्धेत १२ व्होल्टची बॅटरी सांगाड्यापासून अलग लागते, मल्टिमीटर लावून बघतात. आणि शब्द सोडा, रंगांचं काय? इथे घरातली काळी वायर म्हणजे फेज, रोबोतली काळी म्हणजे ऋण. तिला पहिला आठवडा हेच घोकायला लावलं.

गॅरेजकाका:
आपल्याकडे काळी न्यूट्रल. एकूण काय, काळ्यावर भरवसा नको.

वितळतार:
विषय निघालाच आहे तर, मुलांना 'फ्यूज' नका शिकवू. वितळतार म्हटलं की काम आपोआप कळतं. मूळ शब्दाचा अर्थही वितळणं हाच.

गॅरेजकाका:
छे, फ्यूज 'वितळला' म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. फ्यूज उडतो.

न्यूजर्सीकर:
इथल्या रोबोत १२० अँपिअरचा ब्रेकर असतो. तो वितळतही नाही, उडतही नाही. त्याला काय म्हणू?

वितळतार:
'परिपथ खंडक.'

गॅरेजकाका:
तो मागायला दुकानात तुम्हीच जा.

पाटीपेन्सिल:
अहो, माझा ग्राउंड! उद्या झेरॉक्स काढायचीय. 'सामायिक शून्य' लिहितेय, शेजारी जीएनडी.

गॅरेजकाका:
शून्य म्हणजे न्यूट्रल ना?